आईनं ऐकलेलं पुस्तक

तिसरी शाल निघाली तेव्हाच मी ओळखलं, आजही माझा नंबर काही लागत नाही.

पहिली शाल अध्यक्षांना, दुसरी प्रमुख पाहुण्यांना आणि तिसरी, ज्यांनी या शाली दिल्या त्या कापड दुकानदाराला. म्हणजे शाल दिल्याबद्दल शाल! टाळ्या वाजवता वाजवता माझ्या डोक्यात तिडीक गेली. मांडीवर पिशवी, पिशवीत चार पुस्तकं. समोर औशाच्या आमच्या वाचनालयाचा फळा, त्यावर ठसठशीत खडूनं लिहिलेलं: ‘वाचक कट्टा. विषय : अलीकडे वाचलेली पुस्तके.’ तासभर झाला होता आणि अजून एकाही पुस्तकाचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

मी लुंबिनी. औशाजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गावात माझं नाव कुणी घेत नाही, लहानथोर सगळ्यांची मी सिस्टर. महिन्याचा शेवटचा रविवार सुट्टीचा मिळावा म्हणून मी बाकीच्या नर्सेसच्या हातापाया पडते, त्यांच्या दिवाळीच्या ड्यूट्या करते, आणि बस धरून या कट्ट्याला येते. वर्ष झालं. वर्षभरात मला एका पुस्तकाबद्दल चार वाक्यं सलग बोलायला मिळालेली नाहीत. आधी दीपप्रज्वलन, मग प्रतिमापूजन, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर. मग चहा येतो. आणि चहा आला की आमच्याकडचा कुठलाही कार्यक्रम संपतो.

“ताई, आज भी गया अपना नंबर,” शेजारी बसलेला कलीमभाई हळूच म्हणाला.

कलीमभाईचं बसस्टँडमागं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंप जळाले की शेतकरी त्याच्याकडं येतात. त्याला खुनाच्या कादंबऱ्या लागतात, भुताच्या लागतात, कुणी काही दिलं तरी तो वाचतो. पण कट्ट्यावर त्याला एकच गोष्ट विचारली जाते. “कलीमभाई, एखादा शेर होऊन जाऊ द्या!” तो बिचारा दर महिन्याला सांगतो की सर, मी शिकलो मराठी शाळेत, मला शेरबिर येत नाहीत. सगळे हसतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात.

“आज मी बोलणार म्हणजे बोलणार,” मी म्हटलं. “शेषेराव सरांनी शब्द दिलाय. दहा मिनिटं.”

“सरांचा शब्द?” कलीमभाईनं नुसत्या भुवया उडवल्या.

पलीकडं आई बसली होती. सरजाबाई. आज पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली होती, हट्टानं. नवं इरकल नेसून, डोईवरून पदर घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून ती प्रत्येक वक्त्याकडं टक लावून बघत होती. निदान एक तरी माणूस ऐकतंय, असं वक्त्यांना वाटत असणार.

खरं तर आई असताना मला कट्ट्याची गरजच काय होती? आईला अक्षर येत नाही. जन्म खुरपण्यात आणि रोजगार हमीची माती वाहण्यात गेला. पण मी शाळेत असल्यापासून तिला पुस्तकं वाचून दाखवत आले आणि ती प्रत्येक पुस्तकाशी भांडत आली. एका कादंबरीतली नायिका पानंच्या पानं खिडकीशी उभी राहून रडत होती. आई म्हणाली, “हिला काम न्हाई का? दोन म्हशी बांध म्हनावं हिच्या दारात.” एक बाई एकटीच हिमालय हिंडून आली, त्याचं पुस्तक मला लई आवडलं होतं. आईनं विचारलं, “ती दोन म्हैने भाईर. घरी पानी कुनी भरलं? त्ये लिवलंय का?” लिहिलं नव्हतं. मी पुस्तकाची बाजू घ्यायची, ती उलटी बाजू घ्यायची, आणि स्वयंपाक करपायचा. वडील, म्हणजे ज्ञानोबा, होते तोवर ते मध्ये पडून दोघींना गप्प करायचे. ते गेल्यावर आई माझ्याकडं दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आली आणि आम्ही बिनधास्त भांडत बसलो.

पण अलीकडं तिचं काहीतरी बिनसलं होतं. मी वाचते, ती समोर बसते, मी हसले की हसते. पुस्तक संपलं, की विचारावं, “कसं वाटलं गं?” तर म्हणते, “बरं हाय.” एवढंच. पुस्तक कुठलंही असो, बरं हाय. मी मुद्दाम उचकवून बघितलं, मुद्दाम टुकार पुस्तकं आणली. बरं हाय! माझा तर तिळपापड व्हायचा. वाटायचं, म्हातारीला आता पुस्तकांचा कंटाळा आला, आपलं मन राखायला बसते. वाचून झालेलं पुस्तक आणि त्याच्यावर बोलायला माणूस नाही, ही काय अवस्था असते ते वाचणाऱ्यालाच कळेल. पोटात दुखत राहतं. त्यासाठी मी हा कट्टा धरून ठेवला होता. मला शाल नको, नारळ नको, मला फक्त कुणीतरी माझ्याशी भांडायला पाहिजे होतं.

“आणि आता,” माइकवर शेषेराव सर म्हणाले, “आपल्या लुंबिनीताई. त्या आपल्याला दलित आत्मकथनांविषयी दोन शब्द सांगतील.”

मी उठले. दलित आत्मकथनं? मी कधी म्हटलं होतं?

सर निवृत्त मुख्याध्यापक, कट्टा तेच चालवतात. माणूस वाईट नाही. मला वाचनालयाचं कपाट उघडून देतात, पुस्तक परत करायला उशीर झाला तरी ओरडत नाहीत. पण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, की लुंबिनी म्हटलं की हेच वाचणार. चौदा एप्रिल आली की सगळ्यात आधी मला फोन. ती पुस्तकं मी वाचली आहेत, एकदा नाही, कितीतरी वेळा. त्यांच्यावर आमचं घर उभं आहे. पण म्हणून काय मी सापांवर वाचू नये? खुनावर वाचू नये? देशपांडेकाकू दर वेळी स्वयंपाकाची पुस्तकं आणतात, त्यांना कुणी म्हणत नाही की काकू, तुम्ही फक्त पोथ्यांवर बोला.

“सर,” मी माइक हातात घेऊन म्हटलं, “मी वेगळी पुस्तकं आणली आहेत. चार.”

“वा वा! होऊ द्या,” सर म्हणाले. “फक्त थोडक्यात.”

मी पिशवीतून पुस्तकं काढून टेबलावर मांडली.  

“पहिली आहे खुनाची कादंबरी,” मी सुरुवात केली. “हिच्यात एक नर्स एका शेठला इंजेक्शन देऊन मारते. सुई टोचली, की पहिल्या वाक्यात शेठ मेला आणि दुसऱ्या वाक्यात थंडगार पडला. मी इतकी वर्षं माणसं मरताना बघते आहे. माणूस इतक्या लवकर थंड होत नाही हो! लेखकानं एकदा तरी दवाखान्यात जाऊन विचारायचं होतं.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कलीमभाईनं मांडीवर थाप मारली. माझ्या अंगात एकदम बळ आलं.

“दुसरी एक ग्रामीण कादंबरी. हिच्यातली माणसं श्वास घेताना ‘लई’ म्हणतात आणि सोडताना ‘व्हय’ म्हणतात. दिवसभर पारावर बसून बोलतात. शेतात कुणी जातच नाही! मला प्रश्न पडला, की या गावात ज्वारी पिकवतं कोण? तिसरं एका मोठ्या साहेबाचं आत्मचरित्र. केवढं जाडजूड! त्यात साहेबांचं कुत्रं आहे नावासकट, पण वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव नाही. आणि हे चौथं, याच्याबद्दल मला खरं बोलायचंय. हे पुस्तक...”

तेवढ्यात हाताशी चिठ्ठी आली. सरांच्या वळणदार अक्षरात: ‘पाहुण्यांना लातूरला लग्नाला जायचे आहे. आवरावे.’

मी पाहुण्यांकडं बघितलं. ते खरंच घड्याळ बघत होते, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. मी सरांकडं बघितलं. सरांनी हात जोडले. काय करणार? हात जोडलेल्या माणसाला शिव्याही देता येत नाहीत.

“हे वाचा,” एवढंच म्हणून मी माइक ठेवला. टाळ्या पडल्या. नेमक्या पडायला पाहिजेत तेवढ्या. जागेवर येऊन बसले तर डोळ्यांत पाणी. रागाचं होतं ते. चौथं पुस्तक सापांवरचं, त्याबद्दल मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत साप चावलेली माणसं आमच्याकडं येतात, म्हणून मी ते कामापुरतं घेतलं होतं. कलीमभाईनंच ते आधी वाचून ‘ताई, ये पढो’ म्हणून माझ्या हातात कोंबलं होतं. लिहिणारा सापांमागं हिंडतो आणि प्रत्येक वेळी घाबरतो आणि घाबरलो हे लपवत नाही. चार पुस्तकांत खरं बोलणारं तेवढं एकच. दोन महिने मी आईला पुरवून पुरवून वाचून दाखवत होते, अजून थोडं उरलं होतं.

“वेळ थोडा असला तरी,” सर पुन्हा माइकवर, “आज आपल्यात एक ज्येष्ठ श्रोत्या आल्या आहेत. लुंबिनीताईंच्या मातोश्री सरजाबाई. त्यांना वाचता येत नाही, पण त्या लेकीकडून पुस्तकं ऐकतात. किती मोठी गोष्ट! मी पाहुण्यांना विनंती करतो, की त्यांचा सत्कार करावा.”

म्हणजे पुस्तकाला वेळ नव्हता आणि चौथ्या शालीला होता! मी कपाळाला हात लावला.

आईला काही कळेना. मी तिला दंडाला धरून उठवलं, पुढं नेलं. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. फोटो निघाला. आता परत यायचं, तर सरांनी माइक तिच्या तोंडापुढं धरला आणि वाकून मोठ्यानं म्हणाले, “आजी, लेकीनं अलीकडं कुठलं पुस्तक वाचून दाखवलं? सांगा की!”

आईनं माइककडं बघितलं, मग टेबलावरच्या पुस्तकांकडं. हात लांब करून तिनं सापाचं पुस्तक उचललं. त्याच्या मुखपृष्ठावर साप नाहीच, नावातही नाही. उंच गवत आणि त्यातून गेलेली एक पायवाट, एवढंच चित्र. साप गवतात आहे हे वाचणाऱ्यानं समजायचं.

“ह्ये,” आई म्हणाली. “लई चांगलं हाय.”

 ‘बरं हाय’ नव्हे, चांगलं हाय!

“ह्याच्यात एक मानूस हाय,” आई बोलू लागली. “पायवाटंनं चाललाय घरला. हातात बत्ती हाय त्याच्या. पर वाटंत ज्यो त्यो त्याला थांबवून घेतो. कुनी म्हनतंय च्या घे, कुनी म्हनतंय माझं भांडन मिटवून जा. त्यो न्हाई म्हनतच न्हाई कुनाला. सोभावच तसा त्याचा. हिकडं घरी लेकरू वाट बघून राहिलंय, भाकर निवून चाललीया, आन् ह्यो आपला चालूनच राहिलाय...”

मी आधी समजले, की ती दुसऱ्या कुठल्या पुस्तकाशी गल्लत करते आहे. मनात सगळी पुस्तकं धुंडाळली. असा माणूस कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिच्या हातातल्या पुस्तकात घोणस होती, मण्यार होती, धामण होती. घरी निघालेला माणूस नव्हता.

बत्ती घेऊन पायवाटेनं यायचे ते माझे वडील. पाटबंधारे खात्यात वॉचमन होते. चौकीवरून घरापर्यंतची वाट अर्ध्या तासाची, पण त्यांना रोज उशीर व्हायचा, कारण ते कुणाला नाही म्हणायचे नाहीत.

आणि मग लख्खकन सगळं कळलं. ‘बरं हाय’चा अर्थ कळला. मी हसले की ती का हसायची ते कळलं. तिला ऐकूच येत नव्हतं. आता सरांनी विचारलेलंही तिनं ऐकलं नव्हतं. माइक पुढं आला, पुस्तकं समोर होती, तिनं ताडलं. घरात आमचं बोलणं ठरलेलं, जेवलीस का, गोळी घेतलीस का, त्याला कान लागत नाहीत. कानाशी ओरडलेलं थोडंफार पोचत असणार, आणि ती मला नेहमी म्हणायची, “जरा मोट्यानं बोल, तोंडातल्या तोंडात बोलतीस.” मला वाटायचं, टोमणा आहे. मी, नर्स! रोज शंभर माणसं तपासते!

“...आता पुढलं लेक वाचंल तसं कळंल,” आई म्हणाली, आणि पुस्तक छातीशी धरून तिनं सगळ्यांना नमस्कार केला. “जयभीम.”

एवढ्या टाळ्या त्या सभागृहात मी वर्षभरात ऐकल्या नव्हत्या. लग्नाची घाई असलेले पाहुणे खिशातून पेन काढून पुढं आले. “वा! वाचलंच पाहिजे हे. कुणाची कादंबरी ही?”

 खरं सांगावं तर आईचं हसं होणार, खोटं सांगावं तर काय सांगणार! मी कलीमभाईकडं बघितलं. त्यानं ते पुस्तक वाचलं होतं. त्यात काय आहे आणि काय नाही, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. तो उठला, आईच्या हातातलं पुस्तक त्यानं अलगद घेतलं, माझ्या पिशवीत घातलं आणि पाहुण्यांना म्हणाला, “साहेब, इसकी दुसरी कॉपी नै मिलती. ताईंचं वाचून होऊ द्या आधी.”

मग चहा आला.

आईचा दंड धरून मी बसस्टँडवर आले. लातूरकडं जाणारी गाडी निघून गेली होती, आमच्या गावची यायची होती. सिमेंटच्या बाकावर आईला बसवलं. तिनं शालीची घडी मोडून बघितली, कापड बोटांनी चोळलं, नारळ हलवून बघितला. माझा बांध फुटला.

तिच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, “तुला ऐकू येत नाही!”

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. बघू देत!

“वरडू नगंस,” आई म्हणाली. “मानसं बघून राहिली.”

“कधीपासून?”

तिनं नारळ बाजूला ठेवला. “मागल्या संक्रांतीच्या आधीपासून. ह्यो कान तर त्याच्याबी आधी गेला.”

“मग सांगायचं नाही? मी वेड्यासारखी घसा फोडून वाचते, तू नुसती बसतेस! मला वाटलं, तुला कंटाळा आला. किती राग केला मी तुझा! का नाही सांगितलंस?”

यातलं किती पोचलं कोण जाणे. पण तिला प्रश्न कळला होता.

“सांगितलं असतं तर तू वाचायचं बंद केलं असतंस,” ती म्हणाली. “मग आपुन दोघी संध्याकाळची काय करनार व्हतो? एकमेकीचं त्वांड बघत बसनार?” आणि स्वतःच हसली. “आतापन त्येच करते म्हना.”

मला रडू आलं. भर स्टँडवर, नर्सबाईला. आईनं तिच्या नव्या शालीनं माझं तोंड पुसलं. शाल कडक होती, पाणी टिपत नव्हती. मेल्यांनी शालसुद्धा धड दिली नव्हती!

“उद्या लातूरला जाऊ. कानाच्या डॉक्टरकडं,” मी कानाला हात लावून, बोटानं दाखवून सांगितलं. “मशीन बसवू.”

“बशीव,” आई म्हणाली. “पर तवर वाच की. गाडी कुटं आलीया अजून?”

“काय वाचू? तुला ऐकू...”

“तुझं त्वांड हलताना बघितलं की मला पुढलं दिसतंय. तू वाच गं.”

मी पिशवीतून पुस्तक काढलं. खूण घातलेलं पान उघडलं. आई माझ्याकडं वळून बसली, पदर सावरला, हात गुडघ्यांवर ठेवले. शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा बिडी विझवून आमच्याकडं बघू लागला.

घोणशीचं प्रकरण होतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, वाळल्या पाचोळ्यात दिसत नाही, तिच्या विषानं रक्त गोठत नाही, असं सगळं. मी शांतपणे, न ओरडता, रोजच्या आवाजात वाचत राहिले. एक पान झालं, दुसरं झालं. आईची नजर माझ्या ओठांवर होती, आणि हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला.

“दिसलं बग,” ती म्हणाली. “दिसलं त्याला घर.”